मिहू कुठे बसला होता

"यामू, मिहूला तुझ्याजवळच बसव. त्याचा हात सोडायचा नाही," मम्मी फोनवर सांगत होती. तिच्यामागे भांड्यांचा आवाज येत होता आणि आजी कुणाला तरी विचारत होती, भरताची वांगी भाजून झाली का. "ऐकतेस ना? दोघांनीही मागे बसायचं. पुढे कुणी नाही."

"हो गं मम्मी."

"आणि फुलांचा डबा जपून आण. फोन दे पप्पांना."

पप्पांनी फोन घेतला, "हो, अगं हो, कळलं," म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे बघून हसले. "तुझी मम्मी डोहाळजेवणाला गेली आहे का कंट्रोल रूमला ड्यूटीवर?"

रविवारची सकाळ होती. मावशीच्या डोहाळजेवणासाठी मम्मी आदल्याच दिवशी जळगावला, आजीकडे गेली होती. आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी सहावीत होते. माझा भाऊ मिहिर, आमचा मिहू, नुकताच बालवाडीत जायला लागला होता. आम्हा दोघांना पप्पा गाडीनं घेऊन येणार होते, आणि मावशीसाठी भुसावळच्या फुलवाल्याकडून बनवून घेतलेले दागिने, मोगऱ्याचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, एका मोठ्या पुठ्ठ्याच्या डब्यात माझ्या ताब्यात होते.

पप्पा सिग्नल विभागात होते. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारा माणूस. गॅसचं बटण बंद केलं की त्यावर हात ठेवून क्षणभर थांबणारा. स्कूटरवर मम्मीनं हेल्मेट घातल्याशिवाय त्यांनी कधी किक मारली नाही. दसऱ्याला आम्ही पहिली गाडी घेतली तीसुद्धा त्यांनी अशीच शोधून घेतली होती. तेव्हा आमच्या कॉलनीतल्या बऱ्याच गाड्यांना एअरबॅग नव्हत्या. आमच्या गाडीला दोन होत्या. पेढे द्यायला गेलो की पप्पा शेजाऱ्यांना गाडीपाशी आणून डॅशबोर्डवरची एअरबॅगची ती उमटलेली अक्षरं दाखवायचे. म्हणायचे, "बाकीचे लोक गाणी ऐकायला पैसे घालतात. मी जीव वाचवायला घातले."

मिहूला त्यांनी समजावलं होतं, की गाडी कुठे आपटली तर यातून एक मोठा फुगा येतो आणि आपल्याला काहीच लागत नाही. तेव्हापासून तो फुगा कधी येणार, एवढंच मिहू विचारत असायचा.

निघालो तेव्हा मी आणि मिहू मागेच होतो. मला पप्पांनी पट्टा लावायला लावला. मिहूला पट्टा गळ्याशी येत होता, म्हणून तो माझ्याजवळ नुसताच बसला. फुलांचा डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता. साकेगाव येईपर्यंत मिहू ठीक होता. मग तो डब्यावर कोपर टेकायला लागला. मग पाय ठेवला. मी त्याचा पाय खाली काढला, त्यानं परत ठेवला. डब्याचं झाकण एका कोपऱ्यात दबलं आणि मोगऱ्याचा वास गाडीभर झाला.

"पप्पा, बघा ना हा! सगळी फुलं चुरगाळतील."

"मिहू, नीट बस बेटा."

"मला पुढे यायचंय. मला फुगा बघायचाय."

"मम्मी ओरडेल."

त्यावर त्यानं गळा काढला. रडता रडता त्याचा पाय माझ्या नव्या घागऱ्यावर आला, चपलेची माती लागली. मी वैतागले.

"पप्पा, याला घ्या ना तुमच्याकडे पुढे. मला नाही सांभाळता येत हा."

वाघूर नदीचा पूल ओलांडल्यावर पप्पांनी गाडी कडेला घेतली. मागे वळून माझ्याकडे बघितलं, मिहूकडे बघितलं. "चल, ये पुढे. तसं पाहिलं तर पुढची जागाच जास्त सेफ आहे. एअरबॅग पुढेच तर आहेत. मम्मीला उगाच वाटतं." मग मिशीत हसत म्हणाले, "तिला सांगू नका फक्त."

पुढचा पट्टासुद्धा मिहूच्या गळ्याशी आला. तो कुरकुरला. पप्पांनी पट्टा काढून टाकला. "राहू दे. आता जळगाव आलंच."

मी डबा मांडीवर घेतला, झाकणाचा कोपरा सरळ केला आणि खिडकीबाहेर बघत बसले. केळीच्या बागा मागे जात होत्या. छान वाटत होतं. मागची सगळी सीट माझी एकटीची होती.

नशिराबादच्या अलीकडे रस्त्यावर गर्दी झाली म्हणून पप्पांनी वेग बराच कमी केला. आमच्यापुढे केळीचे घड भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. मिहू सीटवर गुडघे टेकून उभा राहिला होता. दोन्ही हात डॅशबोर्डवर, आणि तोंड अगदी त्या अक्षरांपाशी. बोटानं तो ती अक्षरं गिरवत होता.

"पप्पा, फुगा इथून येतो?"

"हो. खाली बस आता." पप्पांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि त्याला बसवायला म्हणून त्याच्याकडे बघितलं.

ट्रॉली थांबली. पप्पांनी ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता.

धडक फार मोठी नव्हती. मी पट्ट्यात पुढे ओढले गेले आणि परत मागे टेकले, एवढंच. पण आवाज मोठा झाला, बंद खोलीत सुतळी बॉम्ब फुटावा तसा. गाडीत पांढरा धूर झाला, फटाक्याच्या दारूसारखा वास आला आणि माझ्या कानात शिट्टी वाजत राहिली. धूर खाली बसला तसे दोन फुगे दिसले. ते आधीच बसके झाले होते, पांढऱ्या उशांच्या खोळीसारखे लोंबत होते. पप्पांचा चष्मा नाकावर वाकडा झाला होता. बाकी त्यांना काही झालं नव्हतं.

मिहू सीटच्या पाठीवर मागे फेकला गेला होता. तो रडत नव्हता. त्याची हनुवटी आणि गाल सालं निघाल्यासारखे लाल झाले होते आणि उजवा डोळा उघडतच नव्हता. पापणीखालून रक्ताची बारीक धार आली.

"मिहू," पप्पा म्हणाले. "मिहू. ए मिहू."

मग तो रडला. त्याच्या रडण्याचा मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

लोक जमले. ट्रॅक्टरवाला आमच्या गाडीकडे बघून म्हणाला, "साहेब, एवढंसं तर लागलंय." खरंच, एक दिवा फुटला होता आणि बंपर आत गेला होता. ट्रॉलीवरचे दोन-चार घड खाली पडले होते. एका माणसानं आम्हाला त्याच्या व्हॅनमधून जळगावला पोचवलं. वाटभर पप्पांनी मिहूला छातीशी धरलं होतं आणि एकच वाक्य बोलत होते, "फुगा आला होता ना, काही नाही होणार. फुगा आला होता." ते मिहूला सांगत होते की स्वतःला, मला कळत नव्हतं.

दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर नेहेते मॅडम होत्या. त्यांनी मिहूला आत नेलं, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि पप्पांना बाजूला घेतलं. मी फुलांचा डबा घेऊन बाकावर बसले होते. त्यांना वाटलं असेल, मला ऐकू येत नाही.

"हा पुढे होता ना? डॅशबोर्डला टेकून?"

पप्पांनी मान हलवली.

"पट्टा नव्हता."

पप्पांनी परत मान हलवली.

"एअरबॅगनं डोळ्याच्या आत मार बसलाय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. दृष्टीचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

"पण मॅडम, एअरबॅग तर... त्यासाठीच तर घेतली होती गाडी."

नेहेते मॅडम आवाज न चढवता बोलल्या. "ती मोठ्या माणसासाठी असते, पट्टा लावून मागे टेकून बसलेल्या. पापणी लवायच्या आत ती बाहेर येते. ती फुगत नाही हो, आदळते. लहान मूल इतक्या जवळ असलं की सगळा मार त्याच्या तोंडावर, मानेवर. मूल मागेच हवं, त्याच्या मापाच्या सीटवर, बांधलेलं. मान वाचली त्याची, हे नशीब समजा."

त्या आत गेल्या. पप्पा भिंतीला हात लावून उभे राहिले. त्यांच्या भुवयांवर अजून ती पांढरी पूड होती. मग ते माझ्यापाशी आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. पप्पांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या खाली मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"यामू. मम्मी येतेय. तिनं विचारलं तर सांग, मिहू मागे होता. तुझ्याजवळ. ब्रेक लागला आणि तो दोन सीटच्या मधून पुढे गेला."

"का?"

"तिला सहन होणार नाही, बेटा. आज नाही होणार. मी सांगेन तिला नंतर, मीच सांगेन." "एवढं कर माझ्यासाठी."

मी हो म्हणाले. पप्पांसाठी म्हणाले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मिहूला पुढे घ्या असं कुणी म्हटलं होतं, हे या गोष्टीत कुठेच येत नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

मम्मी आली तेव्हा तिच्या अंगावर हिरवी जरीची साडी होती आणि बोटांना हळदीकुंकू लागलेलं होतं. मागे आजी धापा टाकत येत होती. पप्पांनी ठरवलेलं सगळं सांगितलं. सांगताना ते मम्मीकडे बघत नव्हते, तिच्या पायांकडे बघत होते.

मम्मी माझ्याकडे वळली.

"तुझ्याजवळ होता?"

"हो."

"मग धरलं का नाहीस?"

मी डबा घट्ट धरला. त्यातलं एक फूलही चुरगाळलं नव्हतं. मम्मीची नजर डब्यावर गेली, मग माझ्या घागऱ्यावर, मग परत डब्यावर.

"एवढंच काम सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर मी कदाचित रडले असते, आणि रडताना काहीतरी बोलूनही गेले असते.

"अवं, पोर आहे ती. तिला काबरं बोलते?" आजी म्हणाली. पण मम्मी तोवर आत निघून गेली होती.

ऑपरेशन झालं. मला आजीकडे पाठवलं. डोहाळजेवणाचं जेवण तसंच पातेल्यांत झाकून राहिलं होतं, ते शेजारीपाजारी वाटलं. मावशी खोलीतून बाहेर आली नाही. येणारे-जाणारे मला विचारायचे, "तू होतीस ना गाडीत? कसं झालं गं?" आणि मी सांगायचे. पहिल्यांदा अडखळत सांगितलं. मग सरावानं. मग त्यात भर पडायला लागली. मी खिडकीबाहेर बघत होते. त्याचा हात माझ्या हातात होता. ब्रेक लागला आणि हात निसटला. इतक्या वेळा सांगितलं की मला तो निसटलेला हात खरंच जाणवायला लागला. झोप लागता लागता बोटांत त्याची बोटं यायची आणि जायची.

पप्पा रोज एकदा आजीकडे जेवणाचा डबा घ्यायला यायचे. मी दारात उभी राहायचे. त्यांच्याकडे बघितलं की ते म्हणायचे, "सांगतो, बेटा. जरा पट्टी निघू दे." त्यांची दाढी वाढली होती. आजीनं चहा पुढे केला तर ते उभ्यानंच घ्यायचे. तिच्या घरात बसायचा आपल्याला हक्क नाही, असं काहीसं त्यांच्या उभं राहण्यात होतं.

पट्टी पहिल्यांदा बदलली त्या दुपारी मला मिहूला भेटायला नेलं. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. उजव्या डोळ्यावर पांढरी गादी चिकटवलेली, हनुवटीवर खपली. मम्मी त्याला मऊ भात भरवत होती. तिनं माझ्याकडे बघून "बस" म्हटलं आणि पुन्हा चमचा भरला.

"ताई, मला फुगा लागला," मिहू म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा रुबाबही होता.

"कुठला फुगा रे राजा?" मम्मी म्हणाली.

"गाडीतला. मी पुढे होतो ना, पप्पांच्या बाजूला. मी तिथे बोट लावलं आणि फुगा आला."

चमचा मध्येच थांबला.

"नाही रे. तू मागे होतास, ताईजवळ."

"नाही! आधी मागे होतो. मग ताई म्हणाली, याला पुढे घ्या. मग पप्पांनी मला पुढे घेतलं. पट्टा टोचत होता, तो पण काढला."

मम्मीनं हळूच मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होती. मला बोलायला ती वेळ चांगली होती. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणाले.

"खोटं नाही बोलत!"

"माझ्याजवळच होता. मागे. त्याला काही आठवत नाही, मम्मी. त्याला लागलंय ना."

"आठवतंय मला! तू म्हणालीस, याला घ्या. फुलं खराब होतात म्हणून."

"खोटारडा आहेस तू!" मी ओरडले. "खोटारडा!"

मिहूचं तोंड उघडंच राहिलं. उघड्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. दुसऱ्या डोळ्यावरची गादी तशीच कोरडी होती. त्याला चिडताना, आदळआपट करताना मी हजार वेळा पाहिलं होतं. पण आता तो चिडला नव्हता. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मी नक्की कोण आहे हे त्याला आठवत नव्हतं.

दारात पप्पा उभे होते. हातात औषधांची पिशवी होती. ते किती वेळ तिथे होते मला माहीत नाही. त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली.

"उज्ज्वला, जरा बाहेर ये."

मम्मी वाटी ठेवून उठली. दार त्यांच्यामागे बंद झालं. बाहेर पप्पांचा आवाज अगदी खालच्या पट्टीत, तुटक तुटक ऐकू येत होता. मम्मीचा आवाज येतच नव्हता. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी वाटी उचलली आणि चमचा त्याच्या तोंडापुढे धरला. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी तो चमचा तसाच धरून बसले, भात गार होईपर्यंत.

थोड्या वेळानं मम्मीनं मला बाहेर बोलावलं. पप्पा तिथे नव्हते. ती मला जिन्यापाशी घेऊन गेली आणि पायरीवर बसली. मलाही बसवलं.

"तू का सांगितलंस तसं?"

"पप्पा म्हणाले, तुला सहन होणार नाही."

"आणि आत्ता? आत्ता तर पप्पा नव्हते खोलीत."

मी एकदम म्हणून टाकलं, "मीच म्हटलं होतं, याला पुढे घ्या. तो फुलांच्या डब्यावर पाय ठेवत होता."

मम्मीनं पदरानं माझं नाक पुसलं, जोरात, लहानपणी पुसायची तसं.

"गाडी तू चालवत नव्हतीस," ती म्हणाली. "तू काहीही म्हणशील. लहान आहेस." मग आवाज बारीक झाला. "मी बोलले तुला त्या दिवशी. सगळ्यांसमोर."

"नाही बोललीस काही."

"बोलले. मला माहितेय काय बोलले ते."

ती पुढे काहीतरी म्हणणार होती. पण खालून नर्स वर आली, म्हणाली, "बाळ हाका मारतंय तुम्हाला," आणि मम्मी उठून गेली. ते वाक्य आमच्यात कधीच पुरं झालं नाही. मात्र दवाखान्यातून घरी आल्यावर मी परत शाळेत जायला लागले त्या पहिल्या दिवशी ती माझ्या वेण्या घालायला बसली आणि घातलेली वेणी सोडून परत घालू लागली. भांग वाकडा झाला म्हणून एकदा, पेड सैल झाला म्हणून एकदा. मला शाळेला उशीर होत होता. मी मान न हलवता बसून राहिले.

मिहूच्या उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार कळतो, त्यापलीकडे काही नाही. पप्पांनी गाडी दुरुस्त करून आणली त्या दिवशी ते एकटेच तिच्यात जाऊन बसले होते. मी त्यांना जेवायला बोलवायला गेले. त्यांनी पुढच्या सीटसमोरची, काचेवरची उन्हाची झडप खाली केली होती. नवी गाडी म्हणून झडपेवरचं प्लास्टिक आम्ही काढलं नव्हतं, ते त्यांनी सोललं होतं. खाली छोटं चित्र होतं: फुगलेली पिशवी, बाळ, आणि त्यावर लाल रेघ. बाजूला इंग्रजीत चार ओळी. "दसऱ्यापासून हे इथे होतं, यामू," ते म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांनी गाडी विकून टाकली.

त्यानंतर त्यांना एक सवय लागली. लग्नात, पेट्रोल पंपावर, देवळाबाहेर, कुणाच्या गाडीत पुढे मांडीवर लहान मूल दिसलं की ते काचेवर टकटक करायचे. "भाऊ, बाळाला मागे घ्या." लोक चिडायचे. एकदा एका माणसानं त्यांना ढकललं. "तुम्हाला काय करायचंय?" पप्पांनी चष्मा उचलला आणि परत तेच म्हणाले. मम्मी लांब उभी राहून हे बघायची. ती कधी त्यांना थांबवायला गेली नाही. त्यांचा संसार चालू राहिला, भाजी, फी, नातेवाइकांची लग्नं. पण पप्पा काही सांगायला लागले की ती आधी क्षणभर थांबून त्यांच्याकडे बघायची, आणि मगच "बरं" म्हणायची. पप्पांनाही ते कळायचं.

त्या रविवारबद्दल मात्र घरात पुन्हा कुणी बोललं नाही. मिहू लहान आहे, विसरेल, असं मोठ्यांनी गृहीत धरलं. मीही धरलं. मला ते सोयीचं होतं.

गेल्या दिवाळीत मी नाशिकहून घरी गेले होते. मिहू आता माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय. दुपारी आम्ही गच्चीवर बसलो होतो. एका डोळ्यावर लायसन्स मिळतं का, याची त्यानं कुठून तरी चौकशी केली होती, त्याबद्दल तो सांगत होता. सांगता सांगता थांबला.

"ताई, मला तो अपघात आठवतच नाही. आवाज नाही, काही नाही."

"चांगलंच आहे की."

"एकच आठवतं. दवाखान्यात तू मला खोटारडा म्हणालीस."

तो माझ्याकडे बघत नव्हता. गच्चीच्या कठड्याचा सुटलेला पोपडा नखानं काढत होता.

"आणि मग मम्मी-पप्पा बाहेर गेले. आणि त्यानंतर ते दोघं तसे झाले, आता आहेत तसे. मला किती वर्षं वाटायचं, मी काहीतरी खोटं बोललो म्हणून त्यांचं भांडण झालं." तो हसला, पण ते हसू अर्धंच झालं. "म्हणून मी नंतर तो विषयच काढला नाही. म्हटलं, आपल्याला नक्की आठवत नाही, उगाच परत काहीतरी बोलून बसू. मी मागेच असेन, तुझ्याजवळ. पण मग मला ते अक्षरांवर बोट फिरवल्याचं कसं आठवतं, ते कळत नाही."

खाली मम्मी कुकर लावत होती. पप्पा अंगणात कुणाशी तरी बोलत होते.

"मिहू," मी म्हणाले. "तू पुढे होतास. पप्पांच्या बाजूला, सीटवर गुडघे टेकून. पप्पांनी तुला तिथे बसवलं, आणि मी त्यांना सांगितलं होतं बसवायला. मला फुलं जपायची होती. तू जे जे बोललास ते सगळं खरं होतं. खोटं मी बोलले. त्या दिवशी पप्पांनी बाहेर जाऊन मम्मीला तेच सांगितलं. तुला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही."

त्याचं नख पोपड्यावर थांबलं होतं. मला वाटलं, आता तो उठून जाईल. गेला असता तर मी त्याला थांबवणार नव्हते.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत पहिल्यापासून सांगितलं.